तीन पाळ्यांचं गाणं

त्यांना स्वतःला गाता येत नसे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण भिलाईत ते 'गाणंवाले काकाजी' म्हणून ओळखले जात आणि नवा माणूस हमखास त्यांना एखादं गाणं म्हणून दाखवा असा आग्रह करी. तेव्हा ते डाव्या कानातला कापूस बोटानं आणखी आत सारत आणि म्हणत, "मले गाता आलं असतं, तर मी कायले इतक्या लोकायले कामाले लावलं असतं?"

कापूस फक्त डाव्या कानात असे. ते बांधकामाच्या बाजूला टाइमकीपर होते. मजुरांच्या हजेऱ्या घेत दिवसभर लोखंडाच्या ठणठणाटात उभे राहत. साइटचा आवाज उजव्या कानानं घ्यायचा आणि डावा कान गाण्यासाठी कोरा ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. दूध आणि ताक एका गंजात ठेवतं का कोणी, असं ते विचारत. आमच्या फाटकाशी आले की कापूस काढून खिशात टाकत. मनगटावर दोन घड्याळं असत. एक साइटचं आणि दुसरं त्यांचं स्वतःचं, जे नेहमी मागे चाले. दोन्हींना रोज किल्ली देत, पण एकमेकांशी जुळवत मात्र नसत.

आम्ही सेक्टर दोनमध्ये राहत होतो. बाबा मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. ते आधी रेल्वेत फिटर होते, म्हणून माझं शिक्षण रेल्वेच्या इंग्रजी शाळेत झालं. पोलादाचा कारखाना उभा राहू लागला तसे बाबा इकडे आले. मी शाळेची शेवटची परीक्षा देऊन घरी बसले होते. मराठी मला घरापुरतं येई, हिंदी रस्त्यापुरतं. इंग्रजी चांगलं येई, पण त्या भाषेत बोलायला आसपास कोणी नव्हतं. त्यामुळे मी बहुतेक गप्प असे. लोकांना वाटे, मुलगी शिष्ट आहे. मी तो समज दुरुस्त केला नाही. त्यामुळे मला खूप काही निवांत पाहता येई.

काकाजी आमच्याकडे येत ते त्यांच्या पेटीसाठी. ते बांधकामाच्या माणसांच्या कॅम्पमध्ये पत्र्याच्या खोलीत राहत आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली पेटीचा सरस वितळतो म्हणून त्यांनी ती आमच्याकडे आणून ठेवली होती. आणताना रजईत गुंडाळून सायकलच्या मागे बांधली होती आणि स्वतः सायकलवर न बसता कॅम्पपासून चालत आले होते. पेटीला बसायला मिळालं म्हणजे झालं, म्हणाले. रोज थोडा वेळ भाता हलवून वारा द्यायचा, नाहीतर सूर आखडतात, हे काम त्यांनी मला सांगितलं. मला वाजवता येतं का, हे विचारलं नाही.

तेव्हा बांधकाम संपत आलं होतं. कारखाना तयार झाला म्हणजे तो बांधणारी माणसं नको होतात, ही गोष्ट मला त्या वर्षी कळली. रोज कोणाची ना कोणाची खोली रिकामी होई आणि ट्रंका घेऊन कुटुंबं दुर्गच्या स्टेशनकडे जात, दुसऱ्या कुठल्या धरणाच्या, पुलाच्या साइटवर. काकाजींची नोकरीही त्याच बाजूची, कच्ची. वसाहतीच्या करमणूक केंद्रात कार्यक्रम बसवणारा एक माणूस कायम घ्यायचा होता. केंद्राचे साहेब त्यांना म्हणाले होते की दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात असं एक गाणं करून दाखवा जे या वसाहतीनं स्वतः केलेलं असेल. सिनेमातलं नको, भजन नको. मग बघू.

काकाजींच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. लग्नापासून ती साइटमागून साइट फिरली होती. दुपारी आईबरोबर तांदूळ निवडताना ती एकदा म्हणाली, "माय, या वक्ती मी नाही जात. ते गेले तर एकटे जातीन. मी इथंच कोणाच्या घरी भाकरी थापीन, पण आता ट्रंक नाही भरत." तिनं ते रागानं सांगितलं नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा एकदा निवडत सांगितलं.

म्हणजे सगळं त्या गाण्यावर आलं होतं. आणि गाणं ज्या माणसानं करायचं, त्याला फक्त एक गोष्ट येत होती. नाही म्हणणं.

त्यांची पद्धत अशी होती. कारखाना चोवीस तास चाले. भट्टी एकदा पेटली की विझवत नाहीत, म्हणून माणसं तीन पाळ्यांत वाटलेली असत आणि दर सोमवारी पाळ्या फिरत. गाणारे सगळे एका वेळी मोकळे सापडतील, असा तास आठवड्यात एकही नव्हता. दुसऱ्या कोणी यावर हात टेकले असते. काकाजींनी गाणंच पाळ्यांत करायला घेतलं. कारखान्यात जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. काय चालू आहे, काय बिघडलंय, कशावर डोळा ठेवायचा, हे सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही. तसाच गाण्याचा चार्ज. एक टोळी आमच्या ओट्यावर बसून जमेल तेवढं करी आणि पुढच्या टोळीला सोपवी. पुढच्यांना त्यात हवी ती मोडतोड करायची मुभा होती. मात्र आधी ते रीतसर घेतलेलं असलं पाहिजे. न घेता दुसऱ्याची ओळ म्हणणं त्यांना चोरीसारखं वाटे.

तीन टोळ्या होत्या. एक कोक ओव्हनच्या भट्ट्यांवरच्या बंगाली दादांची. दादा पेटी वाजवत. दुसरी अण्णांची. ते आंध्रातले, क्रेनवर होते आणि डब्याच्या झाकणावर असा ठेका धरत की रस्त्यानं जाणाऱ्याची चाल बदले. तिसरी माझ्या बाबांची, तिच्यात सगळे आमच्याच भागातले. एका टोळीची दुसरीशी गाठ पडली नाही, तर चार्ज माझ्याकडे राही. "ही पोरगी बोलत नाही, म्हंजे आयकत असन," असं काकाजींनी बाबांना सांगितलं आणि मला विचारण्याचा प्रश्न मिटला. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून हळू गुणगुणून दाखवी आणि बाहेरचे उचलत. कोणी आत डोकावलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

काकाजी ऐकायला बसत ते भिंतीकडे तोंड करून. गाणाऱ्यांकडे पाठ. तोंडं पाहिली की माणूस फसतो, म्हणत. गाणं चालू असताना पाठ हलत नसे. मग ती पाठ म्हणे, "हे नोहे."

नोहे, म्हणजे हे ते नव्हे. मग ते काय आहे, असं दादांनी वैतागून एकदा विचारलं. काकाजी म्हणाले, ते मला माहीत असतं तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं. चांगलं, छान, वा, यातलं काही त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. पटलं तर ते फक्त वळून बसत. त्या वळण्यासाठी मोठी मोठी माणसं पोरांसारखी धडपडत. दादांनी चंद्र आणि नदी आणली. नोहे. अण्णांनी रेल्वेत भेटलेली एक मुलगी आणली आणि तिच्यासाठी फार गोड चाल आणली. नोहे. कारखाना उभारायला आलेले एक रशियन इंजिनिअर समोरून जाताना फाटकाशी थांबून तोंडानं काहीतरी वाजवून दाखवू लागले, तेव्हा भिंतीकडे तोंड असलेल्या काकाजींना कोण गातंय हे कळलंच नाही. ते त्यांनाही "नोहे" म्हणाले. इंजिनिअर खूप हसले आणि टोपी काढून निघून गेले. बाबांना मात्र दोन दिवस धाकधूक होती.

पहिली ओळ सापडली ती कोणी आणलीच नव्हती. ओट्यावर दादांची टोळी जमली होती, काकाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि बाबा रात्रपाळी करून आले. आई नुकतीच उठून चूल पेटवत होती. डबा ओट्यावर ठेवता ठेवता बाबा दादांना म्हणाले, "आमची तं फाटकातच भेट होते. मी येतो तवा हे उठते, हे निजते तवा मी निंगतो. नवरा-बायको काय, आम्ही दोघं एकमेकाले चार्जच देऊन राहिलो."

काकाजी वळले.

त्या सकाळी दादांनी पेटीवर भोंग्यासारखा वर चढणारा एक तुकडा वाजवला आणि हिंदीत नवऱ्याची ओळ झाली, 'भोंपू बोला, डब्बा दे दे'. अण्णांच्या टोळीनं ती दोन दिवसांनी घेतली आणि तिला नाचरी केली. बाबांच्या टोळीनं बायकोचं उत्तर केलं, 'डब्बा ले जा, नींद छोड जा'. म्हणजे डबा ने, पण झोप तेवढी इथंच ठेवून जा, मला लागते. हे उत्तर बाबा आणि त्यांचे तीन सोबती बारीक बायकी आवाजात म्हणत. माझे बाबा, जे घरात मोजून बोलत, पदर घेतल्यासारखा हात डोक्यावर ठेवून लाडीक सुरात झोप मागत, ते मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे. आपल्या माणसात आणखी कोण कोण राहतं, याचं मला तेव्हापासून कुतूहल वाटत आलं आहे.

मला आणखी एक कुतूहल होतं. हे गाणं नक्की कोण करतंय? मी मनाशी माग काढायचा प्रयत्न करी. हा चढ दादांचा, पण अण्णांनी अर्धा कापला. ही ओळ बाबांची, पण शब्द आईच्या तोंडचे. जो तो म्हणे, मला हे मागच्या पाळीकडून आलं. कधीकधी मागे जाता जाता मी अशा ठिकाणी पोचे जिथे कोणीच नसे.

मधला एक तुकडा तर वसाहतीबाहेरचा होता. साइटवर घमेली वाहणारी एक रेजा काम करता करता काहीतरी म्हणे. काकाजींनी ते हजेरी घेताना ऐकलं होतं आणि त्यांच्या सांगण्यावरून अण्णांनी साइटवर जाऊन, तिला विचारून ते घेतलं होतं. पुढे दादांना त्यातले दोन सूर बदलायचे होते. तोवर तिचं काम संपून ती कुम्हारीकडे एका वीटभट्टीवर गेली होती. काकाजी रविवारी सायकल काढून कुम्हारीला गेले. भर उन्हात तिला शोधून काढलं आणि दोन सूर बदलू का, असं विचारलं. परत आले तेव्हा आईनं त्यांना ताक दिलं. ते उभ्यानंच प्याले. काय म्हणाली, असं आईनं विचारलं.

"हासली," ते म्हणाले. "म्हणे, बाबू, तू याच्यासाठी आला? म्हणे, मी तं माह्या मावशीपासून शिकली, तिले जाऊन विचार. मावशी मेली म्हणे."

"मंग?"

"मंग काय. आता नाही बदलता येत."

दादांनी कपाळावर हात मारला. ते दोन सूर शेवटपर्यंत तसेच राहिले आणि अजूनही मला वाटतं, ते किंचित चुकीचे आहेत. पण गाण्यातली तीच जागा सगळ्यांना आधी आठवते.

माझा वाटा एका सुराचा. बायकोच्या उत्तराचा शेवट जमत नव्हता. बाबांनी सगळे शेवट करून पाहिले आणि भिंतीकडची पाठ नोहे नोहे म्हणत राहिली. टोळी कामावर गेली. काकाजीही निघाले. मी पेटीला वारा देत होते आणि माझं बोट 'रे'वर राहिलं. 'सा'वर यायला हवं होतं, मी आले नाही. का, ते सांगता येणार नाही. मला तो सूर नुसता उभा असलेला आवडला. दारात कोणी तरी नुकतं येऊन थांबावं, तसा. बाहेर सायकलची घंटी वाजली. पाहिलं तर काकाजी फाटकापलीकडून सायकल वळवून परत येत होते. आत आले, पेटीकडे पाहिलं, आणि बाबांचा चार्ज मी घेतला आहे असं कळलं म्हणून असेल, पुन्हा गेले. शेवट मग 'रे'वरच राहिला.

कार्यक्रम रविवारी ठरला होता. काकाजींनी तीनही टोळ्यांच्या पाळ्या बोटांवर मोजून, कोणाच्या जागी कोण जाईल ते ठरवून, सगळ्यांना संध्याकाळी मोकळं करून ठेवलं होतं. या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असे. झोपेतून उठवून विचारलं तरी अमक्याची पाळी कुठली ते ते सांगत. मग साहेब दौऱ्यावर गेले म्हणून कार्यक्रम एक दिवस पुढे गेला. काकाजींना निरोप आला, ते म्हणाले, ठीक आहे.

सोमवारी दुपारी ते पेटी न्यायला आले. इस्त्रीचा कोट घातला होता. काकूही बरोबर होती, नव्या लुगड्यात. बाबा अंगणात सायकल पुसत होते आणि हँडलला डबा लटकत होता.

"डबा कायले?" काकाजींनी विचारलं.

"दुसरी पाळी," बाबा म्हणाले. "आज सोमवार ना. पाळी फिरली."

काकाजींनी आधी एक घड्याळ पाहिलं, मग दुसरं. जसं काही त्यातल्या एखाद्यात रविवार असेल. बाबांना वाटलं होतं, त्यांनी काही सोय केली असेलच. त्यांनी ती केली होती, रविवारची. आता जागा बदलायला वेळ नव्हता आणि बाबांची सगळी टोळी रात्री दहापर्यंत कारखान्यात असणार होती. बाबा सायकलवर बसून गेले. बायकोचं उत्तरच गेलं.

दादा आणि अण्णा आले तेव्हा त्यांनी यात काही मोठं आहे असं मानलं नाही. दादा म्हणाले, "हम लोग गा देगा, काकाजी. सब को तो आता है."

"चार्ज घेतला?"

"अरे, वो लोग ड्यूटी पे है. कैसे लेगा?"

"मंग नाही."

"तो वो जगह क्या करेगा?"

"रिकामी ठेवा. पेटी वाजवा. म्हणू नका."

अण्णा म्हणाले, पब्लिक हसेल. काकाजी म्हणाले, हसू दे. इतका वेळ काकू फाटकाला धरून उभी होती. ती माझ्या आईकडे पाहून बोलली, पण आवाज अंगणभर गेला. "पाह्य माय. उभी जिंदगी ट्रंका बांधल्या, अन् आज एका ओळीसाठी हे माणूस घर सोडून देते. चार्ज म्हणे. माहा चार्ज कोण घेईन?"

काकाजी आत गेले. पेटी रजईत गुंडाळली आणि चालू लागले. मला ते निर्दय वाटले आणि तरी, त्यांनी हो म्हटलं असतं तर मला काहीतरी मोडल्यासारखं वाटलं असतं. या दोन गोष्टी एकदम कशा वाटू शकतात, याचा मी वाटभर विचार केला.

मैदानावर पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक. काकाजी स्टेजच्या कडेला, सवयीप्रमाणे पाठ करून उभे. नवऱ्याची ओळ सुरू झाली. अण्णांचं झाकण वाजलं आणि सगळं मैदान हललं. लोकांनी हे गाणं तुकड्यातुकड्यानं, खिडक्यांमधून, महिनोन् महिने ऐकलं होतं. सबंध पहिल्यांदा ऐकत होते. मग उत्तराची जागा आली. दादा पेटीवर नुसती चाल वाजवू लागले. गाणारे तोंड मिटून उभे. पुरुषांच्या बाजूनं कोणी तरी शीळ घातली, थोडं हसू पसरलं. माझ्या शेजारी काकूनं डोळे मिटून घेतले. चाल संपत आली आणि शेवटी 'रे'वर जाऊन थांबली. दादांनी बोट तिथंच ठेवलं. तो सूर मैदानावर लोंबकळत राहिला, कोणीच तो खाली उतरवेना.

तेव्हा माझ्या दुसऱ्या बाजूला कोणी तरी हळूच म्हणालं, 'नींद छोड जा', आणि सूर 'सा'वर आणून ठेवला. मी पाहिलं तर ती आई होती. तिचं स्वतःचंही लक्ष नव्हतं, चुलीपाशी बसून ओठांत बोलावं तशी. बाबा घरी भाकरी खाताना हेच शब्द म्हणत, ते तिला पाठ झाले होते. दादांनी चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली. या वेळी आईबरोबर आणखी दोघी-तिघी होत्या, बाबांच्या सोबत्यांच्या बायका. आवाज पदराआडून येत होता, बारीक, थोडा झोपाळू. ते उत्तर इतके दिवस पुरुष नकलेत म्हणत होते. आता ते खरंच कोणी तरी मागत होतं. मैदानावर कोणी हसलं नाही. काकाजी वळून बायकांच्या बाजूला पाहत होते.

कार्यक्रमानंतर साहेब खाली आले. ते दक्षिणेकडचे, हिंदी तोडकं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे गाणं कोणी रचलं? दादा अण्णांकडे पाहू लागले, अण्णा काकाजींकडे. काकाजींना प्रश्न समजला असावा. त्यांनी हात सगळ्या मैदानावरून फिरवला. साहेबांना तो हात नमस्कारासारखा काहीतरी वाटला. ते घड्याळ पाहू लागले. काकू माझ्याकडे पाहत होती. आमच्या माणसांत इंग्रजी येणारी मी एकटीच आहे हे तिला माहीत होतं.

मी पुढे झाले आणि काकाजींचं नाव सांगितलं.

आणि ती रिकामी जागा, मग बायकांचं गाणं, साहेबांनी विचारलं, तेही यांनीच योजलं?

मी म्हटलं, हो, तेही.

मला ते खोटं वाटलं नाही. या गाण्यातला एकही सूर त्यांचा नव्हता, हे त्या मैदानावर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले नसते तर यातला एकही सूर झाला नसता, हेही.

जागा त्यांना मिळाली. सेक्टर दोनमध्येच क्वार्टर मिळालं, आमच्यापासून चार गल्ल्यांवर. कार्यक्रमानंतर पेटी आमच्याकडेच परत आली होती. पक्कं छत आलं म्हणून ते ती न्यायला आले, तेव्हा मला म्हणाले, "तू खोटं बोलली."

मी पेटीची रजई आणून दिली.

"बायकायचं मी नाही केलं. सोमवारची पाळी मी इसरलो. टाइमकीपर असून इसरलो. त्याचं मले बक्षीस देऊन राहिले."

"जागा रिकामी तुम्ही ठेवली," मी म्हटलं. त्यांच्याशी मी बोललेलं हे पहिलंच सबंध वाक्य असेल.

"ठेवली. भरली कोणी?"

"तुम्ही भरू दिली नाही, म्हणून ती भरली."

त्यांनी बराच वेळ पेटीच्या रजईची गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग खिशातून कापूस काढून कानात घातला, जो कान गाण्यासाठी होता त्यात, आणि पेटी घेऊन गेले. त्यानंतर बरेच महिने ते रस्त्यात भेटले तरी माझ्याशी बोलत नसत. आईला वाईट वाटे. मला कुतूहल वाटे, की ते माझ्यावर रागावले आहेत की अजून विचार करताहेत.

पुढच्या वर्षीही गाणं झालं. साहेबांनी खास सांगितलं होतं की तसंच हवं, मध्ये बायकांनी म्हणायचं. बायकांना आधी शिकवून जागोजागी बसवलं होतं. त्यांनी वेळेवर, सुरात, ठरल्याप्रमाणे म्हटलं. काकाजी त्या वर्षी पहिल्या रांगेत खुर्चीवर साहेबांशेजारी होते. तिथं पाठ करून बसता येत नाही. टाळ्या झाल्या. अण्णा परतताना म्हणाले, गाना अच्छा था, बस किसी का नहीं था.

त्याच थंडीत आई मला घेऊन काकूकडे गेली. काकू मागच्या अंगणात खड्डा खणत होती. जवळच्या कोहका गावातून दूध घालायला येणाऱ्या बाईनं तिला लिंबाचं रोप आणून दिलं होतं. काकाजी तिथंच उभे होते. दोन्ही घड्याळं हातात, दोन्ही कान मोकळे.

"इथं नोहे," ते म्हणाले. "इथं भिंतीची सावली पडते."

काकूनं दुसरीकडे कुदळ मारली.

"हेही नोहे. इथून नळ गेला."

ती आणखी पुढे सरकली. ते पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"तुमी गाण्याले नोहे म्हणा," काकू म्हणाली. "झाडाले म्हणू नका."

काकाजी खड्ड्यापासून बाजूला झाले. मग माझ्याकडे वळून, इतक्या महिन्यांनी, म्हणाले, "पोरी, तिले पाणी आणून दे."

मी बादली आणली. काकूनं रोप उभं केलं आणि भोवतीची माती पायानं दाबली, चारही बाजूंनी, सावकाश. आईनं विचारलं, याला फळ कधी लागेल?

"चार-पाच वर्षं तं लागतीन म्हणे," काकू म्हणाली. "कोणी म्हणते, सहाही लागतात." आणि हात झटकत तिनं असं सांगितलं, जणू तिला आणखी जास्त चालली असती. "लागू दे."